माझी किडनी चालली, मग माझ्या पेशी का नाहीत? आरोग्य विज्ञान विद्यापीठाला खुले पत्र

मा. कुलगुरू आणि विद्वत् परिषदेचे सर्व सदस्य,
महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, म्हसरूळ, नाशिक

स. न. वि. वि.

सोमवार, बुधवार आणि शनिवार, सकाळी साडेसहाच्या सुमारास एक जुनी पांढरी ओम्नी दिंडोरीकडून येते आणि आपल्या विद्यापीठाच्या फाटकासमोरून पंचवटीकडे निघून जाते. मागच्या सीटवर माझा धाकटा भाऊ असतो. सातच्या पाळीला त्याचं डायलिसिस लागतं. दुपारी बारा-साडेबाराला तीच गाडी त्याच रस्त्याने परत जाते, तेव्हा तो बहुधा झोपलेला असतो. २०१९ च्या दिवाळीनंतर हे असंच चालू आहे.

मी निवृत्त लॅब टेक्निशियन. नाशिकमधल्या खासगी लॅबमध्ये ३१ वर्षं रक्त काढलं, स्लाइडी रंगवल्या, काउंट केले. मे २०१७ मध्ये माझी डावी किडनी काढून भावाच्या उजव्या ओटीपोटात बसवली. ती अजून तिथेच आहे, फक्त बंद पडली आहे. बंद पडलेली किडनी काही त्रास देत नसेल तर काढत नाहीत, हे पुष्कळांना माहीत नसतं, मलाही नव्हतं. त्याच्या पोटावरून हात फिरवला की ती हाताला लागते.

सगळे विचारतात, ‘रिजेक्ट झाली का?’ शेवटी झाली, हो. पण तिचा घात सुरू केला दोन व्हायरसांनी. हे पत्र त्या दोघांबद्दल आहे, आणि त्यांच्यावर जगात उपलब्ध असलेल्या पण आमच्यापर्यंत कधी न आलेल्या एका उपायाबद्दल: व्हायरस ओळखणाऱ्या निरोगी माणसाच्या पेशी रुग्णाला देणं.

भाऊ द्राक्षवाला. ऑपरेशनच्या आधी आमची एचएलए तपासणी झाली (एचएलए म्हणजे पेशींवरच्या ओळखीच्या पाट्या), रिपोर्टवर ‘हॅप्लो मॅच’ आलं, म्हणजे अर्धी जुळणी. सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक, अजिबात न जुळण्याची चारात एक, आणि उरलेली आमच्यासारखी अर्धीमुर्धी. भावाला समजावायला गेले तर तो म्हणाला, ‘ताई, डॉगरिजच्या खुंटावर थॉमसनचा डोळा भरतो आपण, खुंट कधी कुरकुरतो का?’ कुरकुरत नाही, कारण वेलीला टी पेशी, म्हणजे पहारा करणाऱ्या पांढऱ्या पेशी, नसतात. माणसाला असतात, आणि परकं काही दिसलं की त्या ते मोडून काढतात. म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट, प्रेडनिसोलोन, जन्मभर. ही औषधं टी पेशींना झोपवतात. किडनी वाचते. पण झोपलेला पहारेकरी चोरालाही पकडत नाही.

पहिला चोर घरातलाच होता. सायटोमेगॅलो, सीएमव्ही. आपल्याकडे बहुतेक सगळ्यांच्या अंगात तो लहानपणीच शिरतो आणि आयुष्यभर दडून राहतो. त्याला दडवून ठेवायला शरीर केवढा खर्च करतं ते वाचून मी थक्क झाले होते: ज्यांच्या अंगात हा व्हायरस आहे, त्यांच्या रक्तातल्या स्मृती टी पेशींपैकी (एकदा पाहिलेला शत्रू लक्षात ठेवणाऱ्या) सरासरी दहा टक्के पेशी एवढ्या एकट्याच्या पहाऱ्यावर असतात. मी ३१ वर्षं डिफरन्शियल काउंट केले. शंभर पेशी मोजायच्या, ‘लिम्फोसाइट ३०’ लिहायचं आणि पुढची स्लाइड घ्यायची. त्या तीसांपैकी कोण कोणाला ओळखतं, हे काचेवर दिसत नाही. आम्ही डोकी मोजायचो, त्या डोक्यांत काय आहे ते नाही.

प्रतिबंधक गोळ्या तीन महिने चालल्या. त्या थांबल्यावर ऑक्टोबरात, ऐन गोडी छाटणीच्या दिवसांत, भावाला ताप आणि जुलाब सुरू झाले. ‘बागेत गेला असशील, धूळ लागली असेल’ असं म्हणण्यात चार दिवस गेले. मग सीएमव्हीचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तात व्हायरस किती आहे ती तपासणी, करायचं ठरलं आणि सॅम्पल मुंबईला गेलं. गुरुवारी गेलेलं सॅम्पल, रिपोर्ट मंगळवारी. मी स्वतः या धंद्यात असल्यामुळे कुरियरवाल्याला, फ्रीजला, रविवारला, सगळ्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. टेस्टला मशीनवर लागतात काही तास. बाकीचे दिवस रस्त्याचे.

गॅन्सिक्लोव्हिरची इंजेक्शनं सुरू झाली. औषध चांगलं आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. त्यानेच तो वाचला. पण ते अस्थिमज्जेवर जातं. पांढऱ्या पेशी खाली येऊ लागल्या. एके दिवशी १,८०० आल्या, विश्वास बसेना म्हणून मी स्वतः चेंबर भरून पुन्हा मोजल्या. १,८०० च. म्हणजे ज्या पेशी व्हायरसशी लढायच्या, त्याच औषधाने कमी होत होत्या. दुसरं औषध आहे, पण ते किडनीला बाधतं. आमच्याकडे तर तीच उसनी.

याच काळात गावाकडून एक नातेवाईक गुळवेलीचा काढा घेऊन आले, ‘इम्युनिटी वाढते’ म्हणून. ज्याची इम्युनिटी मुद्दाम दाबून ठेवली आहे त्याला ती वाढवायचा काढा! मी बाटली मोरीत ओतली आणि ते अजून माझ्याशी बोलत नाहीत. हे इथे लिहायचं कारण नव्हतं, पण प्रत्यारोपण झालेल्या प्रत्येक घरात ही बाटली येतेच, म्हणून लिहिलं.

दुसरा व्हायरस बीके. १९७१ साली लंडनमध्ये एका किडनी प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाच्या लघवीत तो पहिल्यांदा सापडला आणि त्या रुग्णाच्या नावाची आद्याक्षरंच त्याला चिकटली. हाही जवळपास सर्वांच्या अंगात, किडनीतच, निवांत पडलेला असतो. त्याच्यावर आजही खात्रीचं, मान्यताप्राप्त असं औषध नाही. एकच करायचं: टी पेशींना झोपवणाऱ्या गोळ्या कमी करायच्या आणि त्या जाग्या होऊन व्हायरसला धरतील अशी आशा ठेवायची. जास्त कमी केल्या तर त्या किडनीवरच तुटून पडतात. भावाच्या बाबतीत दीड वर्ष हा झोका चालला. गोळी कमी, क्रिएटिनिन १.९ (रक्तातला हा आकडा वाढला की किडनी थकली समजायचं). गोळी थोडी वाढव, व्हायरस वर. बायोप्सी, पुन्हा बायोप्सी. शेवटी क्रिएटिनिन ६ च्या पुढे गेलं आणि ओम्नी सुरू झाली.

त्या दिवसांत मी डॉक्टरांना एक प्रश्न विचारला होता. मला तो अडाणी वाटत होता, म्हणून जाता जाता, दारात उभं राहून विचारला. ‘माझ्या अंगातही हे दोन्ही व्हायरस असतील ना? आणि माझ्या पेशी त्यांना सांभाळून आहेत. माझी किडनी त्याला चालली. मग त्या पेशी का चालू नयेत?’ डॉक्टर खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, ‘चालतात. पण इथे नाही.’

मग मी वाचायला लागले.

१९९२ साली सिअ‍ॅटलच्या फ्रेड हचिन्सन केंद्रात स्टॅनली रिडेल आणि फिलिप ग्रीनबर्ग यांच्या गटाने अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांना नेमकं हेच दिलं होतं: दात्याच्या रक्तातल्या, फक्त सीएमव्ही ओळखणाऱ्या टी पेशी. माझा अडाणी प्रश्न तेव्हा पंचवीस वर्षं जुना होता. दात्याच्या सगळ्याच पेशी दिल्या तर त्या रुग्णाच्या त्वचेवर, आतड्यावर, यकृतावर हल्ला करू शकतात, म्हणून वेचून द्यायच्या. वेचायच्या कशा, तर दात्याच्या पेशींना प्रयोगशाळेत त्या व्हायरसच्या प्रथिनांचे तुकडे दाखवायचे. ज्या पेशी ओळखतात त्या चवताळतात आणि इंटरफेरॉन गॅमा नावाचं रसायन सोडतात. त्या खुणेवरून लोहकण लावलेल्या अँटिबॉडीने त्यांना पकडायचं आणि चुंबकाने बाजूला काढायचं. हे काम एक-दोन दिवसांत होतं. किंवा दीड-दोन आठवडे वाढवून त्यांची संख्या फुगवायची आणि द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर गोठवून ठेवायच्या. रुग्णाला देताना सलाइनसारखी मोठी बाटलीही लागत नाही. शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला दोन कोटी पेशी, म्हणजे काही मिलिलिटर. सिरिंजमध्ये मावतात.

प्रत्येक रुग्णासाठी त्याचा दाता शोधून, पेशी वाढवून, तपासून द्यायला वेळ लागतो, आणि व्हायरस थांबत नाही. शिवाय अवयव मेंदूमृत दात्याचा असेल तर परत जाऊन त्याच्याकडून रक्त मागता येत नाही. म्हणून एडिंबरात तिथल्या संशोधकांनी सरळ पेशींची पेढी केली. स्कॉटलंडच्या साध्या रक्तदात्यांच्या, एप्स्टाइन-बार नावाचा आणखी एक व्हायरस ओळखणाऱ्या पेशी तयार करून गोठवून ठेवल्या. प्रत्यारोपणानंतर त्या व्हायरसमुळे होणाऱ्या लिम्फोमाच्या (लसिका ग्रंथींच्या कॅन्सरच्या) ३३ रुग्णांना त्या दिल्या. नेहमीचे उपचार हरलेले रुग्ण होते हे. सहा महिन्यांनी त्यांपैकी ५२ टक्क्यांना गुण आलेला होता. २००७ ची गोष्ट. पुढे ह्यूस्टनच्या बेलर महाविद्यालयाच्या गटाने, अ‍ॅन लीन आणि हेलन हेस्लॉप त्यात होत्या, सीएमव्ही, एप्स्टाइन-बार आणि अ‍ॅडिनो अशा तिन्ही व्हायरसांसाठी पेढी केली. २०१३ मध्ये त्यांनी ५० रुग्णांचे निकाल छापले: सहा आठवड्यांत ७४ टक्क्यांमध्ये पूर्ण किंवा अंशतः उपयोग.

मला त्या निबंधातला वेगळाच आकडा आवडला. त्या ५० रुग्णांना पुरले फक्त १८ पेशी-संच, एकेका दात्याच्या पेशींपासून वाढवलेले. पन्नास माणसांसाठी पन्नास दाते लागले नाहीत, कारण पूर्ण जुळणी लागतच नाही. व्हायरसचा तुकडा ज्या एचएलएवर दिसतो, तेवढा एक-दोन ठिकाणी जुळला तरी पेशी काम करतात. आमच्या घरातल्या अर्ध्या जुळणीची किंमत मला तेव्हा कळली. आणि बीकेच्या बाबतीत तर आणखी एक गंमत, गंमत म्हणवत नाही खरं तर. व्हायरस होता माझ्या किडनीच्या पेशींत. त्या पेशींच्या दारावर पाटी माझ्या एचएलएची. ती पाटी पुरती वाचता येणारे पहारेकरी माझ्या शिरांत मोकळे हिंडत होते, पंचवटीत, दोन खोल्यांच्या घरात, आणि मी रात्री जागून भावाचे रिपोर्ट फाइलला लावत होते.

डिसेंबर २०२२ मध्ये युरोपीय आयोगाने एप्स्टाइन-बार लिम्फोमासाठी टॅबेलेक्लूसेल या दात्याच्या पेशींपासून बनवलेल्या उपचाराला मान्यता दिली. परक्या माणसाच्या टी पेशींपासून केलेलं औषध म्हणून मान्य झालेलं हे जगातलं पहिलं.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर आपल्यापैकी कोणीतरी म्हणेल की बाई इंटरनेट वाचून भारावल्या. डिसेंबर २०२३ मध्ये अलोव्हिर या अमेरिकी कंपनीने पोसोल्यूसेल नावाच्या, सहा व्हायरसांवर एकत्र चालणाऱ्या टी पेशींच्या तिन्ही तिसऱ्या टप्प्यातल्या चाचण्या थांबवल्या. निकाल हाती यायच्या आधीच उघड झालं होतं की फरक सिद्ध होणार नाही. आधीच्या छोट्या अभ्यासांत चमकलेलं औषध मोठ्या, प्लासिबोशी, म्हणजे औषध नसलेल्या नकली मात्रेशी, तुलना करणाऱ्या चाचणीत उभं राहिलं नाही. त्याआधीच्या बहुतेक लहान अभ्यासांत तुलनेचा गटच नव्हता, हे मान्य करायला हवं. शिवाय ज्या गोळ्या भावाच्या पेशींना झोपवतात, त्या बाहेरून सोडलेल्या पेशींनाही झोपवतातच; स्टेरॉइडचा डोस जास्त असेल तर अशा अभ्यासांत रुग्णाला घेतही नाहीत. आणि उसन्या पेशी कायम टिकत नाहीत. माझ्या पेशींनी भाऊ वाचलाच असता, असं मी म्हणत नाही. वाचला असता की नाही हे बघायची वेळच आली नाही, माझी तक्रार तेवढीच आहे.

‘मग जे परदेशात बनतं ते मागवू, मान्यता मिळाली की’ असं एकाने मला सांगितलं. इथे एचएलए आडवं येतं. एचएलएचा ए०२ हा प्रकार युरोपात भरपूर, पण तिथे त्याचा मुख्य उपप्रकार ०२:०१, आणि आपल्याकडे ०२:११ मोठ्या संख्येने सापडतो. ए११, ए२४, ए३३ ही आपल्या लोकांत नेहमीची. स्कॉटलंडच्या रक्तदात्यांतून बांधलेली पेढी दिंडोरीच्या शेतकऱ्याला किती जुळेल? आपल्या माणसांसाठीची पेढी आपल्याच माणसांच्या रक्तातून उभी करावी लागेल. नाशिकला गणपतीत, जयंत्यांना, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला रक्तदान शिबिरं होतात, रांगा लागतात. मी स्वतः कितीतरी शिबिरांत सुया टोचल्या आहेत. त्या रांगांतल्या तीस-चाळीस निरोगी माणसांची, नीट निवड करून, एचएलए तपासून, संमती घेऊन सुरुवात होऊ शकते.

हे जमेल का, असं विचारू नका, कारण याहून अवघड गोष्ट जमलेली आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या लोकांनी रुग्णाच्याच टी पेशी काढून, त्यांच्यात जनुक घालून, ल्युकेमिया-लिम्फोमावरची कार-टी थेरपी इथे बनवली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ ला राष्ट्रपतींच्या हस्ते पवईत तिचं लोकार्पण झालं. परदेशातल्या किमतीच्या कितीतरी कमी पैशांत. व्हायरसविरुद्धच्या पेशींत जनुक घालायचंच नसतं. निसर्गाने शिकवलेल्या पेशी फक्त वेचायच्या. स्वच्छ खोल्या, गोठवण्याच्या टाक्या, हात बसलेली माणसं टाटा मेमोरियलच्या खारघर केंद्रात आहेत, नाशिकहून चार-साडेचार तासांवर. कसाऱ्याचा घाट मोकळा असेल तर.

मग आपल्या विद्यापीठाकडे का लिहिते? आपण दवाखाना चालवणाऱ्यांना शिकवता. १९९८ पासून राज्यातली वैद्यकीय महाविद्यालयं एका छत्राखाली आपल्याकडे आहेत. मुंबईचं, पुण्याचं, नागपूरचं, सगळ्यांचं टपाल म्हसरूळला येतं. एका रुग्णालयाला जे जमणार नाही ते आपल्याला जमेल, कारण या रोगात कुठल्याही एका रुग्णालयाकडे पुरेसे रुग्ण नसतातच.

आधी मोजा, एवढंच माझं पहिलं म्हणणं. प्रत्यारोपण किती झाले याची नोंद राहते. त्यांतल्या किती जणांना पहिल्या दोन वर्षांत सीएमव्ही झाला, किती किडन्या बीकेमुळे गेल्या, किती अस्थिमज्जेचे रुग्ण अ‍ॅडिनोने दगावले, हे महाविद्यालयांकडून एका साध्या तक्त्यात दर तिमाहीला मागवा. एमडीच्या एका विद्यार्थ्याचा प्रबंध यात सहज होईल. आकडा हातात नसेल तर पेढी किती मोठी हवी, कुठल्या व्हायरसपासून सुरुवात हवी, हेच ठरणार नाही.

मशीनची गोष्ट तर माझ्या जिव्हाळ्याची. २०२० मध्ये जिल्ह्याजिल्ह्यांत आरटी-पीसीआरची यंत्रं आली, त्यांच्यावर काम करायला आमच्यासारख्यांना रात्रंदिवस राबवलं. त्याच यंत्रावर, दुसरं किट लावून, सीएमव्ही आणि बीकेचा लोड मोजता येतो. त्यातली किती यंत्रं आज प्लास्टिकच्या कव्हराखाली आहेत ते जरा पाहून या. गुरुवारी घेतलेल्या सॅम्पलचा रिपोर्ट शुक्रवारी नाशिकमध्येच मिळाला असता, तर आमचे चार दिवस वाचले असते. टी पेशींचा उपचार उद्या आला तरी तो वेळेत दिला तरच उपयोगी. महिनाभर उशिरा कळलेल्या व्हायरसपुढे दोन कोटी काय नि वीस कोटी काय.

आणि पेढी. ती एकट्या नाशिकची नको, राज्याची हवी. खारघरसारख्या जागी पेशी बनाव्यात, साठा तिथेच राहावा, आणि नैतिक समितीच्या परवानगीने, २०१९ च्या क्लिनिकल ट्रायल नियमांत बसवून, तुलनेच्या गटासकट अभ्यास व्हावा. अलोव्हिरचं जे झालं त्यावरून धडा घेऊन छोट्या, नेमक्या प्रश्नाने सुरुवात करावी. माझा कौल बीकेला, कारण त्याला दुसरं औषधच नाही. पण मी टेक्निशियन आहे, हे ठरवायला आपल्याकडे मोठी माणसं आहेत.

पैशांचं विचाराल तर एवढंच सांगते. जनआरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख झाली, चांगलं झालं. आमचा खर्च मात्र ऑपरेशननंतरच्या त्या इंजेक्शनांत आणि तपासण्यांत झाला. भावाने त्यात अर्धा एकर बाग विकली. आता आठवड्याला तीन डायलिसिस, वर्षाला दीडशेच्या वर. बसवलेली एक किडनी वाचवणं आणि ती गमावून ही दीडशे पाळ्या पोसणं, यातलं स्वस्त काय याचा हिशेब आपल्याकडचा एखादा विद्यार्थीच मांडेल.

माझी एचएलए फाइल मी जपून ठेवली आहे. वय ५९, बीपी-शुगर नाही, कावीळ कधी झालेली नाही. एक किडनी दिलेल्या बाईचं रक्त चालत नसेल तर माझा मुलगा तयार आहे, २८ वर्षांचा, आणि त्याच्याकडेही अर्ध्या पाट्या माझ्याच. कधीही बोलवा, आम्ही म्हसरूळपासून सिटीलिंक बसने दहा मिनिटांवर आहोत. फक्त सोमवार, बुधवार, शनिवार सकाळ सोडून.

आपली नम्र,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन
पंचवटी, नाशिक